वेस्लीचा वारसा आणि विंडसर रोडचे देऊळ

ज्या वाचकांचे लंडनला, विशेषतः ईलिंग भागात जाणे-येणे आहे, त्यांनी ब्रॉडवे स्टेशनाजवळच्या विंडसर रोडवरील दगडी, टोकदार मनोऱ्याचे देऊळ पाहिले असेल. रविवारी तेथे पोलिश कुटुंबांची मोठी रीघ लागते आणि आत रोमन कॅथलिक पद्धतीची मिस्सा पोलिश भाषेत होते. परंतु हे देऊळ कॅथलिकांनी बांधलेले नव्हे. 1867 ते 1869 ह्या काळात ते वेस्लियन मेथडिस्टांनी उभारले. त्याचे आराखडे जॉन टॅरिंग आणि चार्ल्स जोन्स ह्यांचे. ह्याच जोन्ससाहेबांनी पुढे ईलिंगचा टाउन हॉल बांधला. पोलिश मंडळींनी ते 1986 साली घेतले. मेथडिस्ट मात्र ईलिंग ग्रीनवरच्या, मूळच्या काँग्रिगेशनल पंथाच्या देवळात त्या पंथाच्या लोकांबरोबर उपासना करू लागले.

एका प्रॉटेस्टंट पंथाचे देऊळ कॅथलिकांकडे जावे आणि त्या पंथाच्या लोकांनी दुसऱ्याच पंथाच्या बाकांवर बसावे, ही उलाढाल पाहून आपल्या लोकांना प्रश्न पडतो की, ह्या ख्रिस्ती लोकांत इतके पंथ आहेत तरी कशासाठी? आपण तर सर्वांना सरसकट 'पाद्रीलोक' म्हणून मोकळे होतो. (मुंबईत कोणी बगदादी आणि बेने इस्राएल दोघांना 'ज्यू' ह्या एकाच शब्दात गुंडाळले म्हणजे दोघांचेही चेहरे कसे होतात, हे आम्ही सांगावयास नको.) म्हणून मेथडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली ह्याचा वारसा जरा तपासून पाहावा असे आम्हांस वाटले.

वेस्लीविषयी त्याचे अनुयायी एक गोष्ट नेहमी सांगतात: त्याने नवा पंथ काढलाच नाही, तो इंग्लंडच्या चर्चचा दीक्षित पाळक म्हणून जगला आणि तसाच मेला, पंथ झाला तो त्याच्या मागून. हे सांगणे आम्हांस पटत नाही. त्याचे शब्द तसे आहेत खरे. पण त्याचे कागद आणि त्याचे हात दुसरेच सांगतात.

वेस्लीचा जन्म 1703 चा, एपवर्थ गावच्या पाळकाच्या घरातला. ऑक्सफर्डला असताना तो व त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स काही सोबत्यांसह ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या दिवशी उपास, कैद्यांची विचारपूस असा काटेकोर नेम पाळीत. त्यावरून टवाळखोरांनी त्यांना 'मेथडिस्ट' म्हणजे पद्धतवाले असे नाव ठेविले. आपल्यातल्या एखाद्या फार सोवळ्या माणसाला जसे नाव पडते तसेच हे. ते पुढे पंथाचे नाव झाले.

1736 च्या आरंभी तो अमेरिकेत जॉर्जिया वसाहतीत सव्हाना येथे धर्मोपदेशक म्हणून पोहोचला. तेथे लंडनच्या सेफार्दी मंडळींच्या मदतीने आलेली यहुदी कुटुंबे 1733 पासून राहत होती. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून वेस्ली 1737 साली स्पॅनिश शिकू लागला, आणि त्यांच्यातील काहींचे मन कित्येक नावाच्या ख्रिस्त्यांपेक्षा बरे आहे, अशा अर्थाची नोंद त्याने रोजनिशीत केली. हेतू अर्थात धर्मप्रचाराचा असणार; तरी त्या काळच्या इंग्रज पाद्र्याच्या मानाने ही नोंद मोकळ्या मनाची आहे.

यहुद्यांविषयी एवढे मन मोठे असणाऱ्या ह्या तरुणाने त्याच सुमारास जे दुसरे केले ते पाहा. जवळच साल्झबर्गहून हद्दपार झालेले जर्मन लूथरपंथी राहत. त्यांचा पाळक बोल्झियस हा सज्जन आणि भाविक मनुष्य. त्याला वेस्लीने प्रभुभोजन देण्याचे नाकारले. कारण काय, तर बोल्झियसचा बाप्तिस्मा बिशपाने दीक्षा दिलेल्या पाळकाच्या हातचा नव्हता! पुढे 1749 साली त्याच बोल्झियसचे पत्र वेस्लीने आपल्या रोजनिशीत छापले आणि आपल्या तेव्हाच्या कडवेपणाचा स्वतःच धिक्कार केला. हा त्याचा मोठेपणा होय. पण हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सर्व वादाचे बीज त्यातच आहे: दीक्षा कोणाच्या हातची?

1738 च्या मे महिन्यात लंडनला ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील एका सभेत त्याला तो प्रसिद्ध अंतःकरणाचा पालट झाला आणि पुढच्या वर्षी ब्रिस्टलला त्याने उघड्या मैदानावर उपदेशास आरंभ केला. कोळशाच्या खाणीतील मजूर, विणकर, ज्यांची इंग्लंडच्या चर्चने कधी विचारपूस केली नव्हती, ते हजारोंनी येऊ लागले. ह्या लोकांना त्याने वाऱ्यावर सोडले नाही. सुमारे डझनभर माणसांचा एक वर्ग, वर्गावर एक पुढारी, पुढाऱ्याने दर आठवड्यास प्रत्येकाची चौकशी करावयाची आणि एक पेनी घ्यावयाची. ही पेनीची युक्ती 1742 साली ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी निघाली आणि तिच्यातूनच सबंध व्यवस्था उभी राहिली. ज्यांनी आपल्या समाजात एखाद्या फंडाची वर्गणी दारोदार फिरून गोळा केली आहे, त्यांना ह्या माणसाची करामत अधिक कळेल. संघटक म्हणून त्याच्या तोडीचा धर्मपुरुष त्या शतकात इंग्लंडमध्ये दुसरा झाला नाही.

आता 1784 हे साल घ्या. वेस्ली एक्याऐंशी वर्षांचा झाला होता. त्या वर्षी त्याने दोन गोष्टी केल्या. फेब्रुवारीत चान्सरी कोर्टात एक दस्तऐवज नोंदविला. त्यात शंभर उपदेशकांची नावे घालून, माझ्या मागे 'कॉन्फरन्स' म्हणजे हे शंभर, आणि आमच्या देवळांत कोणी उपदेश करावा हे तेच ठरवतील, असे लिहून ठेविले. जवळजवळ तितकेच उपदेशक यादीतून वगळले गेले आणि त्यांतले काही दुखावून निघून गेले. सप्टेंबरात ब्रिस्टल येथे त्याने अमेरिकेसाठी दोघांना पाळकपणाची दीक्षा दिली आणि टॉमस कोक ह्याला तेथील अधीक्षक नेमले. लंडनच्या बिशपाने अमेरिकेसाठी माणूस देण्याचे पूर्वी नाकारले होते ही गोष्ट खरी. वेस्लीचे म्हणणे असे की, प्राचीन काळी पाळक आणि बिशप ह्यांचा दर्जा एकच होता. असेलही. पण मग बिचाऱ्या बोल्झियसने काय घोडे मारले होते?

ह्या बाबतीत धाकटा भाऊ चार्ल्स अधिक स्वच्छ दिसतो. दीक्षा देणे म्हणजेच वेगळे होणे, असे त्याला त्याचा शाळासोबती, सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड ह्याने सांगितले आणि ते त्याला पटले. तो 1788 साली वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला मॅरिलबोनच्या चर्चच्या दफनभूमीत पुरले. जॉन 1791 साली वारला. त्याची कबर सिटी रोडवर त्याने स्वतः बांधविलेल्या चॅपेलमागे आहे. ज्या माणसाने न्यायालयात वारसमंडळ नोंदविले, आपल्या हाताने पाळक केले आणि वेगळे देवालय बांधून त्याच्या आवारात विसावा घेतला, त्याने पंथ काढला नाही असे म्हणणे म्हणजे वाटणीपत्रावर सही करून घर एकत्रच आहे असे म्हणण्यासारखे होय.

आणि वारसांनी काय केले? वेस्लीला जाऊन सहा वर्षे होतात न होतात तोच, 1797 साली, अलेक्झांडर किलहॅमचा गट फुटला. कारभारात सामान्य सभासदांना वाटा हवा ही त्याची मागणी. पुढे मैदानातल्या सभांवरून प्रिमिटिव्ह मेथडिस्ट वेगळे झाले. जे मैदानावर जन्मले त्यांनीच मैदानावरच्या सभांना बंदी करावी! डेव्हनकडे बायबल ख्रिश्चन निघाले. त्यांच्यात स्त्रियाही उपदेश करीत. ह्या फुटीत देवाच्या स्वरूपाविषयी वाद जवळजवळ नाही. तसा वाद झाला तो वेस्लीच्या हयातीत, जॉर्ज व्हाइटफील्डशी: तारण होणारे देवाने आधीच निवडले आहेत की कृपा सर्वांस खुली आहे, ह्यावर. तो मोठा वाद होता आणि त्यात वेस्लीची बाजू उदार होती. त्याच्या मागून झालेली भांडणे मात्र बहुतेक किल्ली कोणाच्या कनवटीला ह्याचीच.

मराठी मुलखालाही हे अपरिचित नाही. ज्या डॉ. जॉन विल्सननी 1832 साली आपल्या लोकांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, ते स्कॉटलंडच्या चर्चचे. 1843 साली ते चर्च फुटले. पाळक कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळीने, हा वाद. विल्सन बाहेर पडणाऱ्यांबरोबर गेले आणि मुंबईतील शाळेची इमारत जुन्या चर्चकडे ठेवून त्यांना दुसरीकडे वर्ग भरवावे लागले. गिरगावच्या मुलांना स्कॉटलंडातल्या जमीनदाराशी काय कर्तव्य होते?

सांधण्याचे प्रयत्नही झाले. इंग्लंडमधले मुख्य मेथडिस्ट गट 1932 साली एक झाले. परंतु इंग्लंडच्या चर्चबरोबर एकीची योजना 1969 साली आली तेव्हा मेथडिस्टांनी तीनचतुर्थांशाहून अधिक मतांनी ती मान्य केली आणि चर्चच्या बाजूने पंचाहत्तर टक्के लागत असता सुमारे एकोणसत्तरच पडली. 1972 साली पुन्हा तेच. अडले कशावर? मेथडिस्ट पाळकांच्या मस्तकावर बिशपाने हात ठेवावयाचा, त्याचा अर्थ काय, ह्यावर. ब्रिस्टलची ती दीक्षा दोनशे वर्षांनी अशी आडवी आली. आपल्याकडे नागपूरला 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. त्यात ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट सामील झाले, आणि अमेरिकन परंपरेचे, म्हणजे 1784 च्या त्या अधीक्षकाचे वारस, ऐनवेळी बाहेर राहिले.

ईलिंग ग्रीनवर मात्र जमले. काँग्रिगेशनल पंथाचे तत्त्व असे की प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर बाहेरचा कोणी नाही. मेथडिस्टांचे तत्त्व नेमके उलट, सर्व मंडळ्या एका साखळीत आणि पाळक कॉन्फरन्स पाठवील तो. पुस्तकात हे दोन जुळणे कठीण. काँग्रिगेशनल चर्च 1972 साली प्रेस्बिटेरियनांशी मिळून युनायटेड रिफॉर्म्ड चर्च झाले, तेव्हा त्यांचीही जुनी ताठर भूमिका सैल झाली होती. आणि दोन जुन्या इमारतींचे छप्पर दुरुस्त करण्यापेक्षा एकाचे करणे स्वस्त, हा विचारही कोणी केला असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. धर्मपरिषदांना जे साधले नाही ते येथे शेजाऱ्यांना साधले, आणि त्यासाठी कोणाला कोणाच्या मस्तकावर हात ठेवावा लागला नाही.

वेस्लीच्या वारशातला आमच्या मते सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे 1780 चा गीतसंग्रह. बहुतेक गीते चार्ल्सची. प्रस्तावनेत जॉन पुनर्मुद्रण करणाऱ्यांना विनवतो की, आमच्या गीतांत दुरुस्त्या करू नका. स्वतः त्याने काँग्रिगेशनल पंथाच्या आयझॅक वॉट्सची गीते बिनदिक्कत दुरुस्त केली होती! तरी वॉट्स आणि वेस्ली दोघांची गीते आज सर्व पंथांच्या पुस्तकांत शेजारी शेजारी छापली जातात.

ह्याच गोतावळ्यातला टॉमस ऑलिव्हर्स हा वेल्समधला चांभार, वेस्लीचा उपदेशक. 1770 च्या सुमारास लंडनच्या ड्यूक्स प्लेसमधील ग्रेट सिनॅगॉगमध्ये त्याने मेयर लायन ह्या गायकाच्या मुखातून आपले 'यिगदाल' ऐकले आणि भारून जाऊन त्या चालीवर अब्राहामाच्या देवाचे इंग्रजी गीत रचले. चालीला लायनच्या नावावरून 'लिओनी' म्हणतात. गीत चांगले आहे, चाल तर आपलीच. परंतु 'यिगदाल'मध्ये रामबामची तेरा तत्त्वे आहेत आणि देवाला देह नाही हे त्यांतले एक. ऑलिव्हर्सने चाल घेतली, अब्राहामाला घेतले, आणि शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा आणून बसविले. हा भाग आपल्याला गाता येणार नाही. ईलिंगला कधी रविवारी ग्रीनवरून जाताना ती चाल कानी पडली तर थांबून ऐकावयास मात्र हरकत नाही. लायन स्वतः पुढे जमेकात किंग्स्टनला हाजान म्हणून राहिला, आणि तेथेच वारला.