नाव, उष्टावण आणि परका देश : ‘द नेमसेक’ या कादंबरीचा विचार

घर सोडून परमुलखी गेलेल्या माणसाची कथा साहित्याला नवी नाही. परंतु तो माणूस एकटा असतो तोवर त्याची कथा बहुधा उद्योगाची, धाडसाची किंवा विरहाची होते. त्याच्या बिऱ्हाडात पाळणा हलला की कथेचा प्रश्नच पालटतो. पोट कसे भरावे ही चिंता मागे पडते. मुलाला काय म्हणून हाक मारावी, त्याच्या तोंडी पहिला घास कोणी घालावा, त्याने कोणता सण आपला मानावा, हे प्रश्न पुढे येतात. झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ ही २००३ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी या प्रश्नांना प्रत्यक्ष भिडते. तिचे कुटुंब बंगाली आहे आणि भूमी अमेरिकेची आहे. तथापि तिच्यातील विधी आपल्या वाचकांस इतके ओळखीचे आहेत की तिचा परामर्श या पानांतून घेणे अस्थानी होऊ नये.

कथा १९६८ च्या ऑगस्टात केंब्रिज गावातील एका लहानशा बिऱ्हाडात सुरू होते. आशिमाचे दिवस भरत आले आहेत आणि कलकत्त्याच्या रस्त्यावरील झालमुडीची तहान ती तिथल्या डब्यातल्या कुरकुरीत तांदळावर, शेंगदाण्यांवर आणि चिरलेल्या कांद्यावर भागवू पाहते आहे. बाळंतपणाला माहेर नाही, जवळ आई नाही. कळा सुरू होतात तेव्हाही ती नवऱ्याला नावाने हाक मारीत नाही. ‘ऐकलंत का’ याच अर्थाचे काहीतरी म्हणते. पतीचे नाव केवळ उखाण्यातून घेणाऱ्या पिढ्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना या एका तपशिलाने आशिमा परकी वाटणार नाही. लेखिका येथे भाष्य करीत नाही, केवळ दाखविते. आणि म्हणूनच ही पाने खरी उतरली आहेत.

मुलाचे नाव आशिमाच्या आजीने ठेवायचे, असे ठरलेले असते. आजीने स्वतः पत्र टपालात टाकलेले आहे. त्यात एक मुलाचे आणि एक मुलीचे अशी दोन नावे आहेत. ते पत्र कधीच पोहोचत नाही. तिकडे रुग्णालयाचा नियम असा की, नाव नोंदविल्यावाचून बाळ-बाळंतिणीला घरी जाता येणार नाही. आपल्याकडे बाराव्या दिवसाचे बारसे होईपर्यंत ‘बाळ’ म्हटल्याने कोणाचे अडत नाही. आत्या येते आणि कानात नाव सांगते. येथे आत्येची जागा नोंदवहीने घेतलेली आहे. बाप अशोक मग गोगोल हे रशियन लेखकाचे नाव लिहून देतो, कारण १९६१ साली रेल्वेच्या भीषण अपघातात त्याच लेखकाच्या पुस्तकाच्या पानामुळे बचाव-पथकाची नजर त्याच्याकडे वळली आणि त्याचा प्राण वाचला. बंगाल्यात घरचे नाव वेगळे आणि बाहेरचे वेगळे. घरच्या नावानेच मुलगा शाळेत जातो, आणि वयाच्या अठराव्या वर्षी न्यायालयात जाऊन ‘निखिल’ होतो. लाहिरींना हा अनुभव परका नव्हता. त्यांचेही ‘झुंपा’ हे घरचेच नाव, शाळेत सोपे पडले म्हणून जगभर रूढ झालेले.

कादंबरीतील सर्वांत समर्थ प्रसंग आमच्या मते उष्टावणाचा आहे. सहा महिन्यांच्या मुलाला पहिला भात मामाने भरवायचा, मामा कलकत्त्यात. तेव्हा ओळखीतल्या एका बंगाली गृहस्थाला मामा केले जाते. पुढे मुलासमोर तबक येते : परसातून खणून आणलेले मातीचे ढेकूळ, एक लेखणी आणि एक डॉलरची नोट. मुलाच्या पुढील उपजीविकेची अशी परीक्षा आपल्या संस्कारग्रंथांनाही ठाऊक आहे. मूल काहीच उचलीत नाही, रडू लागते. जमिनीचा तुकडाही परक्याच्या परसातला आणि मामाही मानलेला. तरी विधी पार पडतो. ज्या समाजाला नातेवाईक उरले नाहीत तो समाज स्नेह्यांतून नातेवाईक कसे घडवितो, याचे इतके संयत चित्र आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

परंतु या ठिकाणीच आमचा पहिला आक्षेपही उभा राहतो. मुले वाढू लागतात. आईबाप त्यांच्यासाठी नाताळ साजरा करू लागतात. दुर्गापूजा वर्षातून दोन दिवस भाड्याच्या सभागृहात होते. मुलांनी पुठ्ठ्याच्या देवीवर फुले टाकायची आणि बेचव जेवण जेवायचे. मुलाला देवी दिसत नाही, पुठ्ठा दिसतो. हे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातील गणपतीचे किंवा पिट्सबर्गचे वेंकटेश्वराचे देवालय ही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील. त्यापूर्वी आलेल्यांना सभागृहावाचून गत्यंतर नव्हते. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, तेव्हा देवामागे गावही होते. गांगुलींच्या मागे कोणीच नव्हते. आमचा प्रश्न निराळा आहे : त्या पुठ्ठ्यापुढे हात जोडताना आशिमाच्या मनात काय होते? तिच्या स्वयंपाकघराचा कानाकोपरा लेखिकेने दाखविला, देवघरापुढे मात्र ती उंबऱ्यावरच थांबली. मुलाची उदासीनता रेखाटताना आईची श्रद्धा अबोल राहिली, आणि त्यामुळे प्रश्नाची एकच बाजू वाचकापुढे येते.

दुसरा दोष रचनेचा. मुलगा महाविद्यालयात गेला की कादंबरी सैल पडते. न्यूयॉर्कमधील श्रीमंत घर, तेथील जेवणे, मद्ये, वस्तू यांच्या याद्या वाढतात. मौशुमीशी झालेला विवाह आणि त्याचा भंग या भागात व्यक्तींपेक्षा सामानच अधिक लक्षात राहते. धाकटी सोनिया तर जवळजवळ विसरलीच गेली. भारतात जन्मलेले पालक आणि तेथे जन्मलेला थोरला मुलगा यांची कथा आपण ऐकतो. दुसऱ्या अपत्याला तोच देश कितपत सोपा गेला, हे जाणण्याची उत्सुकता तशीच राहते.

तथापि कादंबरी वडिलांच्या मृत्यूपाशी पुन्हा सावरते. अशोक दूरच्या शहरात एकटाच हृदयविकाराने जातो. घरी दहा दिवस मांस-मासळी वर्ज्य होते, साधे वरणभात-भाजी शिजते, अकराव्या दिवशी स्नेही जमतात. आजोबा वारले तेव्हा बापाने केलेले मुंडन मुलाला आठवते. पूर्वी हेच सुतकाचे जेवण त्याला जाच वाटत असे. आता त्याची अमेरिकन मैत्रीण त्याला या सर्वांपासून दूर नेऊ पाहते, तेव्हा तो नकार देतो. दूर जाणे त्याला नकोच असते. कोणी त्याला अर्थ समजावून सांगितलेला नाही. त्याने लहानपणी जे कंटाळत पाहिले तेच दुःखाच्या वेळी त्याचा आधार झाले.

आम्हांस या कादंबरीचे मर्म येथे दिसते. परदेशी स्थायिक होऊ पाहणारे आईबाप नेहमी विचारतात की, मुलांना न कळणारे विधी त्यांच्यावर लादावेत काय. विधी बालपणी कळतोच असे नाही. तो साठवला जातो, आणि ज्या दिवशी शब्द संपतात त्या दिवशी उपयोगी पडतो. आशिमाने नाताळ केला म्हणून काही बुडाले नाही. पण मानलेला मामा आणून उष्टावण केले नसते, तर बापाच्या मागे मुलाला काय करावे हे सुचले नसते.

शेवटी घर विकले जाते; आशिमा सहा महिने भारतात, सहा महिने मुलांकडे राहणार असते; आणि गोगोल बापाने दिलेले, इतकी वर्षे न उघडलेले पुस्तक वाचू लागतो. ज्यांची मुले-नातवंडे आज बोस्टनला, दुबईला वा लंडनला आहेत, त्यांनी ही कादंबरी दोषांसह वाचावी. पहिली शंभर पाने तर मुलांना पत्र लिहिण्यापूर्वी अवश्य वाचावीत. आणि पत्र लिहिलेच, तर त्यात नातवंडांसाठी सुचविलेली नावे वेळेवर पोहोचतील याची काळजी घ्यावी.