‘शिल्प’ शब्दाचा अर्थसंकोच आणि तुळशीवृंदावन

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे इंदापूर तालुक्यात प्रवेश करते, तेव्हा दिंड्यांतील अनेक स्त्रियांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असते. हे वृंदावन शिल्प मानावे की केवळ पूजेचे उपकरण, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल; परंतु समीक्षेच्या कक्षेत कोणत्या वस्तू याव्यात, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आजच्या मराठीत ‘शिल्प’ म्हटले की कोरलेली अथवा ओतलेली मूर्तीच डोळ्यांपुढे येते. प्राचीन अर्थ याहून व्यापक होता. पाणिनीच्या ‘शिल्पिनि ष्वुन्’ (३.१.१४५) या सूत्राची परंपरागत उदाहरणे नर्तक, खनक आणि रजक ही आहेत. नाचणारा, खणणारा आणि कापड रंगविणारा किंवा धुणारा हे तिघेही शिल्पीच होत. हा जुना अर्थ शासकीय परिभाषेत अद्याप टिकून आहे : औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी वा कातारी काम शिकविणारा ‘शिल्प निदेशक’च असतो. या दृष्टीने पाहता, काटेवाडीत पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालणारा परीट समाज पाणिनीच्या रजकाचा व्यवसायबंधू ठरतो.

अंगणातील वृंदावनाची घडण या व्यापक अर्थानेच उलगडते. पुतळ्यात चौथरा गौण व मूर्ती प्रधान असते; वृंदावनात चौथराच घडविला जातो आणि माथ्यावरची जागा माती, पाणी व जिवंत रोप यांसाठी राखली जाते. दिवळी दिव्याला वाऱ्यापासून आडोसा देते. भोवतालची मोकळी जागा प्रदक्षिणेची असते. चुन्याची सफेदी, गेरूचे पट्टे, अलीकडील तैलरंग हे निव्वळ अलंकार नव्हेत. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत होणाऱ्या तुळशीविवाहापूर्वी ते नव्याने दिले जातात. पावसाने झालेली झीज त्यामुळे भरून निघते. येथे रंग म्हणजेच निगा होय.

डोक्यावरील वृंदावनाची कसोटी याहून कठोर आहे. बेलवाडी व इंदापूर येथील गोल रिंगणात स्त्रिया ते घेऊन धावतात. त्यामुळे आकार आटोपशीर, वजन बेताचे आणि बैठक डोक्यावर स्थिर राहणारी असावी लागते. येथे सौंदर्य तोलापासून वेगळे काढता येत नाही. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमध्ये (१९००–१९१४) गौदी आणि जुजोल यांनी रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मढविलेला नागमोडी बाक प्रसिद्ध आहे. त्यावर लोक बसतात, म्हणून त्याचे कलामूल्य कोणी कमी लेखत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, मग प्रत्येक घागर व प्रत्येक पाट शिल्प ठरेल. अर्थव्याप्ती वाढविणे म्हणजे गुणविवेक सोडणे नव्हे. जेथे उपयोगाने आकाराला वळण दिले आणि आकाराने उपयोगाला अर्थ दिला, तेथे शिल्पगुण मानावा. ज्या वृंदावनाची दिवळी इतकी उथळ की पणती वाऱ्यात टिकत नाही, ते कितीही नक्षीदार असले तरी सदोषच मानले पाहिजे. असा दोष दाखविता येणे, हीच ती वस्तू समीक्षेस पात्र असल्याची खूण होय. ‘शिल्प’ शब्दाचा संकुचित अर्थ स्वीकारल्यास हा दोषही दिसणार नाही आणि निर्दोष वृंदावनाचा गुणही.