एकोणीस वेळा एक

गडहिंग्लजला एका शालेय विज्ञान प्रदर्शनात द. रा. कापरेकरांवरचा तक्ता पाहिला. डावीकडे ६१७४; उजवीकडे १, ११, १११ यांच्या वर्गांचा नऊ ओळींचा मनोरा : १, १२१, १२३२१... आणि खाली लाल शाईत, ‘११११११११११११११११११११ ही प्रचंड मूळ संख्या!’ मी मोजले, तर एक वीस भरले. हवे होते एकोणीस. वीस एकांच्या संख्येला ११ ने सरळ भाग जातो.

ही चूक हाताची, ती सोडून देऊ. ६१७४ चा भाग तर छानच होता. पाहणाऱ्याला आपले चार अंक घेऊन वजाबाकी करायला लावत होते. माझी तक्रार उरलेल्या तक्त्याबद्दल आहे.

मनोरा नवव्या ओळीवर थांबतो, कारण दहाव्या ओळीत हातचा येतो आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. रचना इथे का मोडते हाच खरा धडा, आणि तोच कापलेला.

मूळ संख्येचे तसेच. ती मूळ कशावरून, असे विचारले तर तक्त्याजवळची मुलगी म्हणाली, “पुस्तकात आहे, सर.” वास्तविक इथे नववीच्या मुलांनाही बरेच करता येते. सहा एक घ्या : १११ × १००१. एकांची मोजणी संयुक्त असली की असे सारखे गट पडतात आणि संख्याही संयुक्तच ठरते. म्हणून एक हे मूळ संख्येइतक्या वेळाच लिहायला हवेत. तेवढ्याने मात्र भागत नाही. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९.

आता २३९ आणि ४६४९ मधून १ वजा करा. दोन्हींना ७ ने भाग जातो. ४० आणि २७० ला ५ ने जातो. हा योगायोग नव्हे, फर्माच्या प्रमेयाचे फळ आहे. त्याच नियमाने एकोणीस एकांना मूळ विभाजक असलाच, तर तो ३८ च्या पटीहून १ ने मोठा हवा : १९१, २२९, असे पुढे. वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तिथवर तपासायच्या संख्या २ कोटी ७७ लाखांच्या आसपास उरतात. माणसाला अशक्य, पण शाळेतला संगणक हे करील, आणि एकही विभाजक सापडणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या जाहीर झाली. तिचे ४ कोटींहून अधिक अंक पाहून सगळे थक्क होतात. पण द्विमान पद्धतीत लिहिली तर तीही नुसत्या एकांची रांग आहे, आणि घातांक मूळ असण्याचे कारणही गटांचेच. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांना जादूगार म्हणून भिंतीवर लावले की हा धागा तुटतो.

त्या मुलीला मी दहावी ओळ करायला सांगितली. वहीच्या मागच्या पानावर हातचा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमले, आणि मी काही बोलायच्या आत तिने अकरावी मांडायला घेतली.