गोदा, चिमणी आणि विश्वामित्री
बडोद्याशी नातं असलेल्या तीन मराठी कवींच्या कवितेतला निसर्ग, प्रेम आणि दुःख

काळा घोड्याकडून कमाटी बागेत शिरताना पुलावर क्षणभर थांबलं, की खाली विश्वामित्री दिसते. उन्हाळ्यात नाल्याएवढी, आणि पावसात सगळ्या शहराला धडकी भरवणारी. आजीला लहानपणी नाशिकहून लग्न करून दांडिया बाजारात आणलं होतं. पुलावर आली की ती नेहमी म्हणायची, "हिला नदी म्हणायचं, तर आमच्या गोदेला काय म्हणायचं?" आणि मग चंद्रशेखरांची 'गोदागौरव' सुरू व्हायची, तोंडपाठ. शेवटी शेवटी तिला आमची नावं आठवत नसत, पण ही कविता आठवे. एखाद्या नदीवरची कविता माणसाला इतकी का धरून ठेवते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

चंद्रशेखर म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे. जन्म नाशिकचा, 1871 सालचा. नोकरी बडोदे संस्थानात, आणि पुढे ते इथले राजकवी झाले. 1937 मध्ये ते गेले. 'गोदागौरव' शाळेच्या पुस्तकांमुळे घराघरांत पोचली. आज पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात येते. या कवितेतला काठ जवळजवळ दरबारासारखा सजलेला आहे. सकाळचे पक्षी भाट होऊन नदीची स्तुती गातात, काठावरची झाडं पालवीच्या चवऱ्या ढाळतात. संस्थानच्या राजकवीला नदी महाराणीसारखी दिसावी, यात नवल नाही. ही सजावट देखणी आहे, पण खरं सांगायचं तर तिने डोळ्यांत पाणी येत नाही.

पाणी येतं ते त्याच कडव्यातल्या दुसऱ्या प्रतिमेने. कोवळा सूर्य नदीच्या प्रवाहात कुंकू वाहतो, ही ती प्रतिमा. इथे दरबार संपतो आणि घर सुरू होतं. कुंकू आजीच्या देवघरातलं, रोजच्या सकाळचं. कवीने 'मला घरची आठवण येते' असं म्हणण्याची गरज उरत नाही. आजी नेमकी याच ओळीवर थांबायची, ते उगीच नव्हतं.

चंद्रशेखरांना हा फरक कळत असावा. इंग्रज कवी मिल्टनने आनंदी आणि उदास अशा दोन मनोवृत्तींवर एक जोडकविता लिहिली आहे. ती त्यांनी 'रंगराव हर्षे' आणि 'चिंतोपंत उदास' या नावांनी मराठीत आणली. नावं वाचूनच हसू येतं. हे दोघे आपल्या वाड्यात समोरासमोर राहणारे बिऱ्हाडकरू वाटतात! पण यात समीक्षेचा एक मोठा मुद्दा दडलेला आहे. सकाळ-संध्याकाळ, पक्षी, झाडं सगळ्यांना तीच. एकाला त्यात उत्सव दिसतो, दुसऱ्याला एकांत. निसर्ग स्वतः दुःखी नसतो, दुःख बघणारा बरोबर घेऊन येतो.

हीच कसोटी यशवंतांना लावून पाहू. यशवंत दिनकर पेंढरकर 1940 मध्ये बडोद्याचे राजकवी झाले. प्रतापसिंहरावांच्या राज्यारोहणानिमित्त लिहिलेलं त्यांचं 'काव्यकिरीट' आज फारसं कुणी उघडत नाही. पण 'आई' मात्र कुणी विसरलेलं नाही. आई नसलेलं मूल बघतं, तर चिमणी पिलांच्या चोचीत चारा घालतेय, गोठ्यात गाय वासराला चाटतेय. बस्स, एवढंच. इथे झाडं उसासे टाकत नाहीत की आभाळ रडत नाही. चिमणीला त्या मुलाचं दुःख ठाऊकच नाही, ती आपल्या कामात आहे. म्हणून तर कविता इतकी लागते. निसर्ग कवीच्या दुःखात सामील झाला, की वाचकाला करायला काही उरत नाही. तो आपल्या वाटेने चालत राहिला, की पोकळी वाचकाला भरावी लागते.

तिसरे माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. हे तर जन्माने बडोद्याचे, 1894 चे. फार्सीचे प्राध्यापक. त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया 1929 मध्ये थेट फार्सीतून मराठीत आणल्या, आणि 1933 मध्ये 'गज्जलांजलि' काढून गझल मराठीत रुजवली. 1926 चं 'विरहतरंग' हे खंडकाव्य प्रेम आणि ताटातूट यांचंच. पण फार्सी वळणाची एक अडचण होते. त्या परंपरेत गुलाब म्हणजे प्रेयसी आणि बुलबुल म्हणजे झुरणारा प्रियकर, हे ठरलेलंच असतं. इराणातला बुलबुल म्हणजे वेगळाच गाणारा पक्षी. आपल्या कमाटी बागेतला बुलबुल डोक्यावर तुरा आणि शेपटीखाली लाल डाग मिरवत फळं टोचत असतो, तो कुणासाठी झुरताना दिसत नाही. उसना पक्षी सुरेख गातो, पण ओळखीचा वाटत नाही. जूलियन मनाला भिडतात ते हे संकेत बाजूला ठेवून साधं, जवळचं बोलतात तेव्हा. माझं हे मत काहींना पटणार नाही, याची कल्पना आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. बडोद्यात 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलनं भरली. दोन राजकवी झाले. मग विश्वामित्रीवर ओठांवर राहील अशी एक मराठी कविता का नाही? माझं उत्तर असं: इथल्या मराठी माणसाने निसर्ग नेहमी मागे सोडलेल्या गावाचा लिहिला. प्रेम तिकडचं होतं, आणि दुःख ते इथून दिसत नाही याचं. चौथी-पाचवी पिढी इथेच वाढली, तरी काव्यातली नदी गोदाच राहिली.

यात एक नुकसान आहे. माझी नात गुजराती माध्यमात शिकते. तिने गोदा पाहिलेली नाही. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मात्र विश्वामित्रीचं पाणी आणि रस्त्यावर आलेल्या मगरी तिने बघितल्या. तिची भीती, तिचं घर, तिची नदी हीच आहे. तिच्यासाठी मराठीत ओळ नसेल, तर ती मराठीत कशाला आठवेल?

तेव्हा मंडळातल्या सभासदांना एक विनंती. जुन्या वह्या, लग्नातल्या मंगलाष्टका, ओव्या, हस्तलिखित मासिकं चाळून बघा. कुणाच्या तरी पणजीने या नदीवर दोन ओळी लिहिल्याही असतील. सापडल्या तर मंडळाकडे जरूर पाठवा. वृत्त चुकलेलं असलं तरी चालेल.