देवीचा चेहरा कुणाचा?

रणजित देसाईंची ‘राजा रविवर्मा’ मी दोनदा वाचली. पहिल्यांदा कथेसाठी, दुसऱ्यांदा सुगंधासाठी.

‘स्वामी’ लिहिणाऱ्या लेखणीचा डौल याही कादंबरीत आहे. किळिमानूरचा मुलगा, तैलरंगांचा ध्यास, बडोद्याचा दरबार, सगळं डोळ्यांपुढं उभं राहतं. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देव देवळातून थेट भिंतीवर आले. आपण बायका श्रुतपंचमीला जिनवाणीची पूजा करतो, सरस्वतीला श्रुतदेवी म्हणतो. पण सरस्वती म्हटलं की आपल्याही मनात त्याचीच वीणाधारिणी येते!

मग प्रश्न पडतो, हा चेहरा कुणाचा? कादंबरी सुगंधाचं नाव घेते. देसाईंनी तिला रंगवलंय मायेनं, यात शंका नाही. पण ती दिसते ती चित्रकाराच्या डोळ्यांनी. तिचं रूप कळतं, तिचं प्रेम कळतं. तिचं स्वतःचं असं काही?

गोव्यात दुसरीच नावं ऐकू येतात. डिचोलीतल्या मुळगावच्या राजीबाई मुळगावकर, पेडण्यातल्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर. दोघींनी गावाचं नाव आडनाव म्हणून मिरवलं. राजीबाईंचा चेहरा देवींच्या चित्रांत आहे असं सांगतात. अंजनीबाईही रविवर्म्याच्या चित्रांसाठी बसल्या असं म्हणतात. पण अंजनीबाई म्हणजे नुसता चेहरा नव्हे. भेंडीबाजार घराण्याच्या उस्ताद नझीर खाँकडं त्या गाणं शिकल्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप त्यांना मिळाली. कुमार गंधर्व, किशोरी आमोणकर त्यांच्याकडं शिकले. रविवर्मा १९०६ साली गेले, अंजनीबाई १९७४पर्यंत जगल्या. चित्रापुढं बसणं हा त्या आयुष्याचा केवढासा कोपरा!

कादंबरीकाराला कल्पनेची मुभा असतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अभ्यास करून लिहिताना तो अभ्यास कुंचल्याशी थांबला, समोर बसलेल्या बाईपर्यंत पोचला नाही, हे खटकतं. अनेकांत आपल्याला हेच शिकवतो ना? एका बाजूनं पाहिलेलं खोटं नसतं, पण पुरतंही नसतं.

‘राजा रविवर्मा’ जरूर वाचा. मला मात्र आता अशी कादंबरी वाचायचीय, जी स्टुडिओत नव्हे, मालप्यात सुरू होईल, आणि जिच्यात रविवर्मा एखाददुसऱ्या प्रकरणापुरते येतील.