बुरुजाचा सुका रंग

दिवाळीतला किल्ला पाहताना मी आधी रंग पाहतो, सिंहासन नंतर. पारनेरच्या एका आळीतला किल्ला आवडला तो याचमुळे. त्याचे बुरूज काळे नव्हते. दगड दाखवायचा म्हणून पोरं सहसा काळा ऑइलपेंट फासतात आणि तट डांबराचा वाटायला लागतो. इथे मातीच्या गिलाव्यावर राख, कोळशाची पूड आणि किंचित गेरू यांचा हात फिरवला होता.

निघोजला कुकडीच्या पात्रात ज्याने खडक निरखलाय त्याला हा रंग लगेच पटेल. रांजणखळग्यांत पाण्याला लागून असलेला बेसाल्ट काळाभोर, चकचकीत. हातभर वर, उन्हात, तोच राखाडी, कुठे तपकिरी. तट म्हणजे सुका दगड. शिवाय लहान प्रतिकृती ही दुरून पाहिलेली वास्तूच असते, आणि दुरून कुठलाच रंग गडद राहत नाही, मधली हवा तो फिका करते. म्हणून मुरलेले मॉडेलकार मूळ रंगात थोडा पांढरा मिसळतात. इथे ते काम राखेनं केलं.

खरी नजर सांध्यांत दिसली. ओल्या गिलाव्यावर काडीनं दगड आखलेले, वरचा सांधा खालच्या दगडाच्या मधोमध येईल असे. वाळल्यावर काजळीचं पातळ पाणी ओतून फडक्यानं पुसलेलं, त्यामुळे काळं फक्त खाचांत उरलं. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं चुना नुसता कडांवरून ओढलेला. सावली आणि ऊन दोन्ही रंगातच आलं. वर दिव्यांची माळ नसती तरी चाललं असतं.

दरवाजा मात्र फसला. चॉकलेटी रंग, त्यावर चमकी! पळशीच्या कोटातल्या वाड्याचं कोरीव लाकूड इथून काही लांब नाही. उन्हापावसातलं लाकूड करडं पडतं, आतलं काळपट होतं. चॉकलेटी राहतं ते दुकानातलं.

मापाचा हिशेबही करून पाहावा. मावळा 3 इंची. माणूस साडेपाच फुटी धरला तर प्रमाण 1:22. त्या मापानं 4 इंचांचा दरवाजा जेमतेम सव्वासात फुटांचा, अंबारीचा हत्ती बाहेरच राहणार. महाराजांची मूर्ती 8 इंची, म्हणजे साडेचौदा फुटांच्या वर. दरवाजाचा दोष मी धरतो, मूर्तीचा नाही. देवळांतल्या शिल्पांतही मुख्य देवता परिवारापेक्षा मोठीच कोरतात. तिथे माप मानाचं असतं.

राहिला हळीव. इंचभर उगवला तेव्हा तो बावीस इंची गवत होता, गुडघ्याच्या जरा वर, अगदी शोभेसा. पण पोरं पाणी घालायची थांबत नाहीत. तीन इंचांवर गेला की मावळा डोक्यासकट त्यात बुडतो, आणि पहाऱ्याला एकटे महाराज उरतात.