असेल तर द्या

आमच्याकडे पाहुणे आले, की "चहा घेणार ना?" या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरं येतात. एक, "हो, टाका की." दुसरं, "नको हो, आत्ताच झाला." आणि तिसरं, सगळ्यात घातकी, "असेल तर द्या." पहिल्या दोघांचं काय करायचं ते माणसाला कळतं. तिसऱ्याला चहा नाही मिळाला तर तो तक्रार करत नाही. निमूट उठून जातो, आणि आठवड्याने भलत्याच घरी सांगतो, "त्यांच्याकडे साधा चहासुद्धा विचारत नाहीत!"

संगणकाचे बहुतेक प्रोग्रॅम हे या तिसऱ्या प्रकारचे पाहुणे असतात, हा शोध मला भाच्यामुळे लागला. त्याचा एक प्रोग्रॅम चालवायला पायथनची 3.10 हीच आवृत्ती हवी होती. ती मुळातून बांधून घ्यायची, म्हणजे शिजवलेलं अन्न न आणता शिधा आणून घरी रांधायचं. "मामा, तीन ओळी टाइप करायच्या, बस्स!" असं सांगून चिरंजीव फोन ठेवून मोकळे झाले.

त्यातली पहिली ओळ 'कॉन्फिगर' नावाच्या कारभाऱ्याला जागं करते. 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी या गृहस्थांनी ऑटोकॉन्फ नावाचं साधन लिहिलं. असे कारभारी त्याच्यातून जन्माला येतात. हा कारभारी घरभर फिरून कोठीत काय आहे, काय नाही ते बघतो. वाङ्मय म्हणून त्याच्या बडबडीचं परीक्षण केलं, तर प्रकार प्रश्नोत्तरी, पात्र एकच. तोच विचारतो, तोच उत्तर देतो. हे आहे का? आहे. ते आहे का? नाही. काही ठिकाणी तर आरंभालाच "आजूबाजूची परिस्थिती शहाणी आहे का?" असं विचारून स्वतःच "हो" म्हणून टाकतो. एवढा आत्मविश्वास मी फक्त लग्नाच्या मध्यस्थांत पाहिला आहे.

पण या वाङ्मयाचा मुख्य दोष असा, की यात सुखदुःखाचा स्वर एकच. किरकोळ गोष्ट नसली तरी "नाही", आणि जिच्यावाचून पुढे अडणार ती नसली तरी त्याच चालीत "नाही". शेकडो ओळी सरसर वर जातात. माझ्याही गेल्या. पायथन तयार झाला. मी समाधानाने बाणाची कळ दाबून मागची ओळ परत आणू गेलो, तर ओळ राहिली बाजूला, पडद्यावर एक टोपी, दोन चौकटी कंस आणि 'ए' हे अक्षर उमटलं. पुढे जाळ्यावरून काही उतरवू गेलो, तर सुरक्षित बोलणीच करता येत नाहीत म्हणाला.

"मामा, रीडलाइन आणि ओपनएसएसएल सापडल्या नाहीत. त्या ऐच्छिक आहेत ना!" इति भाचा. (लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे, दुसऱ्याने करून ठेवलेलं आयतं काम.) आता पायथनची बाजूही सांगितली पाहिजे. काय काय सापडलं नाही त्याची यादी तो देतो. पण कधी? बांधून झाल्यावर. पंगत उठल्यावर वाढप्याने येऊन सांगावं, "मीठ नव्हतं बरं का," तसं.

आणि गंमत म्हणजे दोन्ही लायब्ऱ्या माझ्या यंत्रात होत्या! नव्हती ती त्यांची 'हेडर' नावाची माहितीपत्रकं, आणि ती वेगळ्या पुडक्यात मिळतात. डेबियनवर त्या पुडक्याचं नाव लिबरीडलाइन-डेव्ह, फेडोरावर रीडलाइन-डेव्हेल. मॅकवर निराळीच तऱ्हा. तिथे रीडलाइन नावाने हाक मारली की 'ओ' देते ती लिबएडिट. आवाज बराचसा तसाच, पण बाई वेगळी. विंडोजवर तर अशा वस्तू ठेवायची ठरलेली जागाच नाही. ज्याने त्याने आपापल्या ट्रंकेत कोंबलेल्या. चार गावांचे चार रिवाज, म्हणून तर हे कारभारी नेमावे लागले, एवढं मला मान्य आहे.

मान्य नाही ते त्यांचं परस्पर ठरवणं. 2000 च्या सुमारास आलेल्या सीमेकमध्ये 'ही लायब्ररी आवश्यक' असा शब्द घातला, तर ती न मिळाल्यावर गाडी जागच्या जागी थांबते. तो शब्द गाळला, की गाडी पुढे. वर 'गुपचूप' असाही एक शब्द आहे. तो घातला की नाही सापडलं हेसुद्धा कळत नाही. म्हणजे एकच पाककृती, पण माझ्याकडे शिरा होतो आणि शेजाऱ्याकडे उपमा, आणि दोघांनाही वाटतं आपलं बरोबर. उलटही होतं. योगायोगाने घरात असलेली वस्तू प्रोग्रॅम न विचारता उचलतो, पुढे ती आपण अडगळ म्हणून काढली की हा सकाळी उठायलाच तयार नाही. जेन्टूच्या मंडळींनी या आपोआप जादूला 'ऑटोमॅजिक' असं नाव ठेवलं आहे, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही.

हे नुसतं गैरसोयीचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण 2024 चं एक्सझेडचं प्रकरण ऐकलं आणि चहा गार झाला. फायली दाबून लहान करणारा हा प्रोग्रॅम. त्यात कुणीतरी विश्वास संपादन करून चोरदरवाजा ठेवला होता. दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या चौकशीतून आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो मार्चअखेर उघडकीला आणला. मग लोक बाकीचा वाडा तपासू लागले, तेव्हा सीमेकच्या तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. लँडलॉक नावाची सुरक्षेची सोय यंत्रात आहे का, हे बघायला तिथे एक नमुन्याचा छोटा प्रोग्रॅम बांधून पाहतात. बांधला गेला तर "आहे", नाही तर "नाही". त्या नमुन्यात एका ओळीवर एकटं टिंब टाकून ठेवलं होतं. एक टिंब! त्यामुळे नमुना कुठल्याच यंत्रावर बांधला जाईना, उत्तर कायम "नाही", आणि सीमेकने बांधलं की सोय बंद. "नाही" ऐकायची एवढी सवय झालेली, की याही "नाही"कडे कुणी मान वळवून पाहिलं नाही.

तेव्हा माझं मत मेसनच्या बाजूने. तिथे प्रत्येक ऐच्छिक वस्तूला आमच्या पाहुण्यांचीच तीन उत्तरं देता येतात: हवीच, नको, असेल तर द्या. आणि घरधन्याला एका हुकमात सगळी 'असेल तर' वाली मंडळी 'हवीच'मध्ये किंवा 'नको'मध्ये ढकलता येतात. एफएफएमपेगही एक्स264 सारखी लायब्ररी आपण नावाने मागितल्याशिवाय घेत नाही, आणि मागून मिळाली नाही तर सरळ ओरडून थांबतो. उद्धट वाटेल, पण असा पाहुणा परवडला.

पुढच्या रविवारी पुडकी आणून पायथन पुन्हा बांधला. शेवटची यादी या वेळी चष्मा पुसून वाचली. त्यात टीके नावाचं एक "नाही" अजून आहे. पडद्यावर खिडक्या उघडायला ते लागतं, असं भाचा म्हणतो. राहू दे. आमच्या ब्लॉकला खिडक्या पुष्कळ आहेत.